विश्रांतीचे दोन आठवडे

आजचा सामना हरला तर अंबरनाथचा हा छोटा फुटबॉल क्लब लीगबाहेर जाणार होता. पाच खेळाडू जखमी होते आणि नवी नोंदणी केव्हाच बंद झाली होती. म्हणूनच मॅनेजर शशिकांत सामंतांनी आपल्या एकमेव भरवशाच्या बचावपटूला, प्रज्वलला, दोन आठवडे मुद्दाम विश्रांतीसाठी बाहेर बसवलं होतं.

बूट घालताना प्रज्वल मांडी धरून कळवळला.

"अरे, विश्रांती दिली होती ना तुला?"

"सर, सुट्टी मिळाली म्हणून आनंदनगरच्या कारखान्यात डबल ड्यूटी मारली. लोडिंगला. सगळेच मारतात. तुम्ही बसवलं की आमचा सुपरवायझर खूश!"

शशिकांतांनी त्याची मांडी चाचपून पाहिली. दुसऱ्या क्लबकडून खेळू नये, हे कलम त्यांनीच करारात घातलं होतं. कारखान्यात जाऊ नको, असं मात्र कुठल्या तोंडाने लिहिणार? क्लबच्या मानधनात त्याचं घर चालत नव्हतं. मोसमभर ज्याला ज्याला त्यांनी जपलं, तो जास्तच दमून परतला होता.

"खेळतो ना सर, टेन्शन नका घेऊ."

राखीव बाकावर फक्त दुसरा गोलकीपर होता. शशिकांत गुडघ्यांवर बसले आणि प्रज्वलच्या मांडीला पट्टी बांधू लागले.

"अजून घट्ट, सर."

त्यांनी आणखी घट्ट बांधली.