वजनकाट्यामागची टोपली

माझ्या तपासणीच्या खोलीत शिरताना पेशंटला आधी पिशवी उघडून दाखवावी लागायची. हा नियम हॉस्पिटलचा नव्हता, माझा होता. कॅन्सरच्या पेशंटच्या पिशवीत फाईल, पाण्याची बाटली आणि थोडा तरी चोरीचा माल असतोच, असं मी हाताखालच्या डॉक्टरांना सांगत असे. चोरीचा माल म्हणजे काढे, अर्क, पुड्या. सापडला की मी तो पेशंटसमोरच बेसिनमध्ये ओतायचो, वरून नळ सोडायचो आणि म्हणायचो, "घ्या, बेसिनचा कॅन्सर बरा झाला!" लोक हसायचे. ज्याची बाटली असायची तोही हसायचा. मला वाटायचं, पटलं त्याला.

पुडीवाल्यांच्या नादी लागून हातची गेलेली माणसं मी वीस वर्षं पाहत होतो, तेव्हा माझा राग खोटा नव्हता. पण ओतताना मजा यायची, हेही खरं आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शिवणवाल्या ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा स्तनाचा कॅन्सर फुप्फुसापर्यंत पोचला होता आणि मानेवर लिंबाएवढी गाठ होती. वय साठीच्या आसपास, शाळेचे गणवेश शिवायच्या, बरोबर एकुलती एक मुलगी. मी रोजची एक गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी मी मुलीला म्हटलं, "आईच्या मानेवरची गाठ शोधून दाखव बघू." तिनं या बाजूनं चाचपलं, त्या बाजूनं चाचपलं, आणि सापडत नाही म्हणून ती रडायलाच लागली. ताई तिला म्हणाल्या, "अगं वेडे, हरवली तर बरंच झालं की!" त्या दिवशी मी दुपारभर खुशीत होतो.

जाताना दारात थांबून ताई म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, हाताला मुंग्या येतात. सुईत दोरा ओवता येत नाही."

"येणारच," मी म्हणालो. "जीव वाचतोय ना? मग मुंग्यांचं काय घेऊन बसलात?"

पुढच्या महिन्यात त्यांच्या लिव्हरचे आकडे चढले, त्याच्या पुढच्या महिन्यात दसपट झाले. सोनोग्राफीत काही नाही, काविळीच्या तपासण्यांत काही नाही. म्हणजे गोळीच लिव्हरला सोसत नाही, असं ठरवून मी ती बंद केली. खरं तर बंद केल्यावर आकडे उतरायला हवे होते. पाच आठवडे झाले तरी उतरेनात. मी पुस्तकं उघडली, जुन्या मित्रांना फोन केले, दोन महागड्या तपासण्या लिहून दिल्या. तोवर मानेवर पुन्हा वाटाण्याएवढं काहीतरी लागायला लागलं. या वेळी मुलीला ते शोधावं लागलं नाही.

अशात एका सकाळी एका धिप्पाड माणसाच्या फाईलवर बेचाळीस किलो लिहिलेलं आलं. औषधाचा डोस वजनावर ठरतो, त्यामुळे माझं डोकं सणकलं आणि मी थेट बाहेर वजनकाट्यापाशी गेलो. काटा एका बाजूनं मागच्या कशाला तरी टेकला होता. तो नीट करायला वाकलो, तर मागच्या पडद्याआड प्लास्टिकची मोठी टोपली दिसली. तिच्यात बाटल्या, डब्या, कागदी पुड्या. प्रत्येकीवर चिकटपट्टीचा तुकडा आणि तुकड्यावर फाईलचा नंबर, वजन करणाऱ्या मावशींच्या गोल गोल अक्षरात.

"मावशी, हे काय आहे?"

"लोकांच्या वस्तू आहेत, साहेब. तुमच्या खोलीत जायच्या आधी ठेवतात, निघताना घेऊन जातात." मग जरा अभिमानानं त्या म्हणाल्या, "आजवर एकही हरवली नाही."

"कधीपासून चाललंय हे?"

"तुम्ही त्या म्हाताऱ्या गवंडीबाबांची बाटली ओतलीत ना, तेव्हापासून. चार वर्षं झाली असतील."

"सिस्टरना माहीत आहे?"

मावशी पदरानं काटा पुसायला लागल्या.

"सगळ्यांनाच माहीत आहे?"

"तुम्ही सोडून, साहेब."

ओरडायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात सगळ्यात वरच्या डबीकडे नजर गेली. तिच्यावरचा नंबर मला तोंडपाठ होता. गेले पाच आठवडे मी तो रोज कुठल्या ना कुठल्या तपासणीच्या कागदावर लिहीत होतो.

त्याच दिवशी ताईंची तारीख होती. मी त्यांना आत बोलावलं आणि डबी टेबलावर ठेवली. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. मुलीला तर काहीच माहीत नव्हतं, ती नुसती डबीकडे बघत राहिली.

"कॅन्सरसाठी घेत होतात?" मी विचारलं.

"छे हो!" ताई घाईघाईनं म्हणाल्या. "कॅन्सरला तुम्ही आहात की. ही मुंग्यांसाठी. एका ओळखीच्या बाईंनी पत्ता दिला. त्या माणसानं तासभर बसवून घेतलं. कुठलं बोट बधिर होतं, सुई कशी धरता, सगळं विचारलं. माझे दोन्ही हात हातात घेऊन बघितले त्यानं."

"मला का नाही सांगितलंत?"

ताईंनी बेसिनकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "पहिल्याच दिवशी माझ्या पुढं माझ्यासारखेच नवीन आलेले एक बाबा होते. दार उघडं होतं. ते बाहेर आले तेव्हा हसत होते, पण बाकावर बसले आणि मग त्यांना उठवेना. म्हटलं, आपलं असं नको व्हायला."

मी फाईल चाळायला घेतली, काहीतरी करायचं म्हणून. प्रत्येक भेटीच्या कागदावर एक रकाना असतो, इतर औषधे. सगळ्याच कागदांवर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, नाही. मी एकदाही विचारलं नव्हतं. पिशवीत नाही म्हणजे पोटात नाही, असं मी धरून चाललो होतो. आणि मुंग्यांवर माझ्याकडे साधी गोळी होती, खालच्या दुकानात मिळणारी. ती लिहून द्यायला अर्धं मिनिट लागलं असतं.

डबीतली पूड थांबवली. चार आठवड्यांत लिव्हरचे आकडे जागेवर आले आणि मी पहिली गोळी पुन्हा सुरू केली. या वेळी गाठ हटली नाही. कदाचित तशीही ती गोळी पुढे निकामी झालीच असती, असं होतं कधी कधी. मी स्वतःला हे बऱ्याचदा सांगून पाहिलं आहे.

आता सलाइनमधून द्यायच्या औषधावर जावं लागेल, हे मी सांगितलं तेव्हा मुलीचा बांध फुटला. "आई, तुझ्यामुळे झालं हे! एवढे दिवस फुकट गेले. डॉक्टर जिवाचं रान करत होते आणि तू त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकत होतीस!"

ताई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. "चुकले मी, डॉक्टर. मला माफ करा."

खोलीत माझ्या हाताखालचे दोघे डॉक्टर उभे होते, सिस्टर उभ्या होत्या. चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. ते अगदी जिभेवर आलं होतं.

"जाऊ द्या," मी म्हणालो. "झालं गेलं विसरून जा. पुन्हा असं करू नका."

सिस्टरांनी खाली मान घातली.

मला लाज वाटली, त्याच क्षणी वाटली, आणि ती घेऊनच मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. टोपलीबद्दल मावशींना काही बोललो नाही. पिशव्या उघडायला लावणं बंद केलं. ते का बंद केलं हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चूक माझी होती हे ताईंना मात्र सांगायचंच, असं ठरवलं. पहिल्या सलाइनच्या दिवशी सांगू, एकट्या असतील तेव्हा सांगू.

त्या दिवशी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत एक नवीन बाई बसल्या होत्या, घाबरलेल्या, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी गच्च धरून. मी जवळ पोचलो तेव्हा ताई त्यांना समजावत होत्या.

"यांच्यापासून काही लपवू नका बरं का. मी लपवलं, आता भोगतेय. पण माणूस मनाचा मोठा आहे हो. एका शब्दानं बोलले नाहीत मला."

नवीन बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतका विश्वास होता की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ताई कौतुकानं हसत होत्या. माझी वाट बघत होत्या, मी दुजोरा द्यावा म्हणून.

"हो," मी म्हणालो. "डॉक्टरपासून काही लपवायचं नसतं."