मधला पत्रा

...काच नखाहूनही लहान, चिमट्याच्या टोकाशी थरथरणारी, आणि ती एकदा बसली की मागच्या भागाचं काम संपणार, म्हणून त्याने श्वास रोखून धरला. ड्रायव्हरची सीट आणि मागची रुग्णाची जागा यांच्यामधल्या प्लॅस्टिकच्या पत्र्यात त्याने सकाळीच दाढीच्या ब्लेडने चौकोनी खिडकी कापली होती. मॉडेलच्या खोक्यात निघाली होती साधी माल पोचवणारी व्हॅन; तिची जुनी रुग्णवाहिका करायची म्हणजे अर्धी गाडी आठवणीतूनच आणायची. टपावरची घंटा, बाजूचा लाल पट्टा, कापूस भरलेलं स्ट्रेचर... सगळं खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढं. ड्रायव्हरच्या नोकरीत पुढे नव्या गाड्या आल्या, पण दादाला नेलं ते हिच्यातून.

माहितीपत्रक, पायरी चौदा : काच आतून चिकटवा. गोंद वाळेपर्यंत हलवू नये.

"महिना झाला, टेबल अडवून बसलायत भाऊजी." वहिनी धुतलेल्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून दारात उभी. "एवढ्या दिवसांत खरी गाडी झाली असती."

"हात नका लावू हं, गोंद ओला आहे."

"नाही लावत हो. मी काय लहान आहे?" तिने कपडे खाटेवर टाकले, चष्मा पुसला, वाकली. बराच वेळ वाकलेली राहिली. "ह्याच खिडकीतनं दिसले ना हे तुम्हाला?"

"हो."

हो. एकतीस वर्षं हो. पाहुण्यांनी भरलेल्या घरात, ताटावर बसलेले असताना दादा म्हणाला होता, हा आमचा ड्रायव्हर, मेलेली माणसं पोचवतो—सगळे हसले, आणि याचे कान तापले, आणि तोंडातून निघून गेलं : तुझी वेळ येईल तेव्हा माझ्याच गाडीत बसशील. मग अकरा महिने अबोला. मग वेळ आली. ड्यूटीची पाळी याचीच होती. रेल्वेच्या फाटकापाशी गाडी थांबली, याने मागे वळून पाहिलं, आणि खिडकीतून दिसला दादाचा वर झालेला तळवा—जेवताना पुरे म्हणायचा तसा. पुरे. जाऊ दे. त्याच संध्याकाळी त्याने वहिनीला सांगितलं. तेवढ्यावर ती तगली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली, मनात काही ठेवून नाही गेले हो, भावाला हात केला. आणि तो? तोही तेवढ्यावरच जगला.

"मागे सिस्टर एकटीच बसायची?" वहिनीने विचारलं.

"एकटीच. आणि मला सांगायची कशी, ठाऊक आहे?" तो खुलला. कितीतरी दिवसांत कुणी कामाचं विचारलं नव्हतं. त्याने बोटाचं पेर टेबलावर आपटलं. "पत्र्यावर ठोकायची. एक ठोका, हळू घे. दोन ठोके, पळव. आणि तीन..." पेर तीनदा वाजलं. "तीन म्हणजे आता घाई नाही."

वहिनीने पुन्हा काचेकडे पाहिलं. मग साधेपणाने, गाठ सोडवावी तसं म्हणाली, "पण खिडकी होती ना? मग ठोकायचं कशाला? नुसतं सांगायचं की."

"इंजिनाचा आवाज—" तो म्हणाला आणि थांबला.

दादाला नेलं त्या गाडीचा पत्रा सलग होता. फिकट निळा. डोक्यामागे, बरोबर इथे, खिळ्याला कॅलेंडर टांगलेलं असायचं आणि वळणावर त्याचा कोपरा मानेला टोचायचा, मान अजून सांगते आहे—खिडकीची गाडी आली दादा गेल्यावर दोन वर्षांनी, आणि ती आल्यापासून कुणी ठोकलंच नाही, सिस्टर काच सरकवून बोलायच्या... मग हात? तळवा दिसला होता, बोटात अंगठी होती. कुणाचा? नंतरच्या कुठल्या रुग्णाचा? मी काय पाहिलं? मी पाहिलं ते बंद फाटक. मी ऐकले ते ठोके. तीन. आणि त्याआधी पत्र्यापलीकडे दादा काय म्हणाला, काही म्हणाला का, मला शिव्या घातल्या का—

पायरी पंधरा : चालकास सीटवर बसवा. तोंड समोर

समोर. फक्त समोर.

तो खोटं बोलला नव्हता, हेच भयंकर होतं. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं माहीत असतं. चिमटा टेबलावर ठेवला तो खणकन वाजला, एवढासा चिमटा, आणि तो दचकला.

"काय झालं? पांढरे पडलात." वहिनीचा हात त्याच्या खांद्यावर आला.

"वहिनी..."

"बोला की."

एकतीस वर्षं दादा भिंतीवरच्या तसबिरीसारखा गप्प होता, हात वर करून, समजूतदार. आता हात नव्हता. आता ताटं वाढलेली होती, पाहुणे माना वळवून पाहत होते, आणि दादा, घास हातात तसाच, कपाळाची शीर फुगलेली, त्याच्याकडे रोखून बघत होता—काय म्हणालास? पुन्हा म्हण. आवाज अगदी स्वच्छ आला. इतक्या वर्षांत दादाचा आवाज त्याला एकदाही आठवला नव्हता. खांद्यावर वहिनीचा हात, समोर तो चेहरा, आणि आपले कान सदतिसाव्या वर्षी तापले होते तसेच्या तसे तापताहेत हे कळत असताना त्याने तोंड उघडलं—आणि आधी कुणाला उत्तर द्यायचं, ते त्याला सुचेना.