हंबीररावांच्या बोटांना पुरणारी गिटार

सत्तावन्न साली कोल्हापुरात विजेवरची गिटार वाजवणारी बाई श्यामला हेर्लेकरशिवाय दुसरी नव्हती. दिवसा ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. संध्याकाळी गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि पोलादी कांडी तारांवरून सरकवत भावगीतं वाजवायची. गिटार दादानं, तिच्या थोरल्या भावानं आणलेली. तो फिल्म स्टुडिओत कामाला होता. तिथला एक वादक मुंबईला जाताना ती त्याला देऊन गेला होता. रंग उडालेला, एक खुंटी सैल, आणि वीज जोडली की ती मिनिटभर भुंग्यासारखी गुणगुणायची.

श्यामलाला शिष्यही एकच होता, हंबीरराव पैलवान. गुडघा दुखावला आणि त्यांची कुस्ती सुटली. त्याच वर्षी गणेशोत्सवात त्यांनी श्यामलाचं वादन ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी म्हशीच्या दुधाची चरवी घेऊन दारात उभे राहिले.

"बाई, मला ह्ये शिकायचं हाय. न्हाई म्हनू नका."

सहा महिने ते श्यामलाच्याच गिटारीवर शिकले. मग इचलकरंजीच्या कुस्ती-मैदानात पूर्वी बक्षीस मिळालेलं चांदीचं कडं मोडून त्यांनी मुंबईहून कोरी गिटार मागवली. लालभडक, आरशासारखी चकचकीत. पण पहिल्याच रविवारी ते पडेल चेहऱ्यानं आले.

"एक तार छेडली की दोन बोलत्यात, बाई. तारा लई जवळजवळ हायत, तुमच्या गिटारीवानी ऐसपैस न्हाईत. माझा अंगठा बघा की!"

अंगठा खरोखरच केळ्याएवढा होता. श्यामलानं नवी गिटार मांडीवर घेतली. गुणगुण नाही, खरखर नाही. सूर कसा घासूनपुसून ठेवल्यासारखा. तिचे डोळे चमकले, ते हंबीररावांनी बरोबर टिपलं.

"बदला की मग! तुमची मला, माझी तुमाला."

"छे! कोरी देऊन जुनी घ्यायची? हा सौदा बरोबरीचा नाही."

"बरोबरी कुस्तीत बघायची. हितं वाजतंय का, ह्ये बघायचं."

श्यामलानं आठ दिवस मागून घेतले. ते आठ दिवस तिला चैन पडेना. भोळ्या माणसाला आपण लुबाडतोय असं वाटे. शिवाय दादानं हौसेनं आणलेली वस्तू. त्याला काय वाटेल? शेवटी जेवताना तिनं विषय काढला.

दादा हसला. "माझी आठवण म्हणून ठेवणार असलीस, तर मी हा समोर बसलोय की! आणि फसवणूक वाटते ना? मग तिचे सगळे दोष त्यांना सांगून टाक."

रविवारी हंबीरराव येताच श्यामलानं सगळं सांगितलं. खुंटी सैल, रंग गेलेला, सुरुवातीला गुणगुणते.

हंबीररावांनी मान डोलावली. "माझाबी गुडघा करकरतोय. जमंल आमचं."

आता मात्र श्यामलाला हसू आवरेना. तिनं स्वतःच्या हातानं जुनी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी श्वास रोखून अंगठा टेकवला आणि तार छेडली.

"एकच बोलली! बाई, एकच बोलली!"

त्या आरोळीनं अक्का, म्हणजे श्यामलाची आई, पिठाच्या हातानंच बाहेर धावत आली. तिला वाटलं, कोणी पडलं की काय.

श्यामलालाही नवी गिटार लगेच वश झाली नाही. जुन्या गिटारीच्या सवयीनं कांडी पुढं जायची, सूर चुकायचा, की हंबीरराव खूश होऊन म्हणायचे, "आता कळलं का, बाई, शिकनाऱ्याचं हाल?" तिसऱ्या रविवारी मात्र तिनं सबंध गाणं बिनचूक वाजवलं आणि लगेच पुन्हा वाजवलं, नुसत्या आनंदानं.

महिन्याभरानं तालमीत हनुमान जयंतीचा कार्यक्रम झाला. दोघं शेजारी बसली. हंबीररावांनी सोपी चाल धरली, श्यामलानं तिच्यावर नव्या गिटारीचे लांबलचक सूर सोडले. एका जागी हंबीरराव गडबडले, तर तिनं तीच ओळ परत घेऊन त्यांना सांभाळून घेतलं. वाजवणं थांबलं तेव्हा समोर बसलेल्या पैलवानांना टाळ्या अपुऱ्या वाटल्या असाव्यात. सगळ्यांनी मिळून शड्डू ठोकले.