सुकाणू ढळलं तेव्हा

माघाची सकाळ. कृष्णेच्या अंगावरची धुक्याची धवल दुलई सूर्य हलक्या हाताने दूर सारत होता. पाणी नीलमंद, पाणी सुवर्णरेख, पाणी अजून अर्धवट झोपेत. तीर मात्र पहाटेपासून जागे. पूर्वतीरी एक विद्यापीठ, पश्चिमतीरी दुसरं. मध्ये नदी एवढीशी आणि वैर सागराएवढं. वर्षभर एकमेकांच्या पंगतीला बसणारी ही माणसं होड्यांच्या शर्यतीदिवशी ओळखसुद्धा दाखवत नसत.

पूर्वेच्या होडीत वल्हं धरून बसला होता दिगंबर: शालस्कंध, वृषभग्रीव आणि मनाने निव्वळ लोणी. पश्चिमेच्या होडीत सुकाणूवर होती वैजयंती: कृशांगी, कमलनेत्रा आणि जिभेने अस्सल लवंगी मिरची.

चैत्रात तिचे काका एक स्थळ आणणार होते. म्हणून काल पुलावर धीर करून त्याने विचारलं होतं, "लग्न करशील माझ्याशी?"

"आधी शर्यतीत पुढे राहून दाखव," ती म्हणाली होती. "मागे पडलेल्याशी मी बोलत नाही."

वल्हेकऱ्याची बैठकच विपरीत! पाठ विजयाकडे, डोळे सुटलेल्या वाटेकडे. जो पुढे, त्यालाच प्रतिस्पर्धी दिसतो. जो मागे, त्याच्या वाट्याला फक्त रिकामं पाणी. समोर पाहायचं ते एकट्या सुकाणूधारकाने.

बार झाला. वल्ही उठली, वल्ही बुडाली. जलकण उडाले, जणू फुटलेल्या मोत्यांची माळ. बराच वेळ दिगंबरासमोर रिकामं पाणी होतं, रिकामं, रुपेरी, निर्दय. मग त्याने असा जोर लावला की होडीच कण्हली. हळूहळू डोळ्यांच्या कडेला पश्चिमेची होडी आली, मागे सरली; आणि तिच्या वल्हेकऱ्यांच्या पाठींवरून उगवला एक चेहरा, उन्हाने माखलेला, आरक्त, ओरडणारा.

"ओढा! ओढा रे, भात खाऊन आलात की काय!"

मग तिने त्याला पाहिलं. ओठांवरची आरोळी ओठांवरच राहिली.

"दिग्या, लेका, वल्हं मार!" मागच्या वल्ह्यावरचा म्हस्के खेकसला. "ती काय पळून चाललीय?"

पळून कुठली जाते! जिचं सुकाणू आजवर वीतभर ढळलं नव्हतं, तिची होडी तिरपी झाली. मोहरीच्या शेतातल्या वाटेसारखी हळूच वळली आणि थेट पूर्वेच्या होडीकडे निघाली.

"वैजूताई, अगं कुठं नेतेस?"

खाड्! वल्ह्यांत वल्ही अडकली. दोन्ही तीरांवरून एकाच वेळी शिव्यांची सरबत्ती सुटली. पंचांनी निशाण खाली टाकलं आणि कपाळाला हात लावला.

"उत्तर दे की," दिगंबर धापा टाकत म्हणाला.

"आता आणखी काय देऊ?" तिने पदराने तोंड पुसलं, की लपवलं. "अख्ख्या नदीने पाहिलं."

कोणी वल्हं सोडवेना, कोणाला सुटेना. बोटांत बोटं गुंफावीत तशा त्या दोन होड्या, आडव्या, आळसावलेल्या, विजयरेषेवरून एकत्रच वाहत गेल्या. आणि कृष्णा त्यांना घेऊन, सावकाश, सावकाश, उन्हात उतरत राहिली.