बाटलीतली कावेरी

तिरुवैयारुच्या घाटाची शेवटची पायरी उतरून भुवनेश्वरी थबकली. खाली नदी नव्हती. पार पलीकडच्या नारळांपर्यंत नुसती वाळू, आणि वाळूत मधोमध कुणाची तरी मोपेड उभी.

तिच्या हातातल्या पिशवीत मुलगा नितीन आणि सून श्रीलक्ष्मी यांच्या लग्नातले हार होते, वाळून चुरा व्हायला आलेले. आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी, कावेरी भरून वाहते तेव्हा, नव्या जोडप्याचे हार तिच्यात सोडायचे, ही इथली रीत. भुवनेश्वरीचे याच पायरीवरून गेले होते; धारेनं हातातून हिसकावूनच नेले होते. हे सोडल्याशिवाय लग्न पुरं झालं, असं तिचं मन मानत नव्हतं.

"वरच्या धरणातून पाणी सोडलंच नाही म्हणे," घाटावर फुलं विकणारी वेंकूबाई म्हणाली. "तिकडं बघा, अक्का. आज कावेरी रांगेत उभं राहून घ्यायची."

कोपऱ्यात बोअरच्या पाण्याचा शॉवर लावला होता. बायका त्याच्याखाली गळ्यात बांधायचे हळदीचे दोरे भिजवत होत्या.

"बोअर म्हणजे कावेरी होय?" भुवनेश्वरीचा आवाज चिरकला.

रात्रीच्या बसनं बंगळुरूहून एकटीच आलेल्या श्रीलक्ष्मीनं सॅकमधून पाण्याची बाटली काढली. "अम्मा, हे घ्या. ही खरी कावेरी."

"थट्टा करू नकोस."

"थट्टा कसली? डोंगरातून उतरते, धरणात अडवतात, मग पंपानं चढवून आमच्याकडे. फ्लॅट घेताना पहिलं तेच विचारतात, कावेरी आहे की टँकर?"

"मग भांडी?"

"तिच्यानंच."

"नितीनची गाडी?"

श्रीलक्ष्मीनं मान खाली घातली. "तीपण."

भुवनेश्वरी पायरीवर बसली. जी नदी ती वाळूत शोधत होती, ती सुनेबरोबर बसनं आली होती.

"मग हार तिकडंच ने," ती कशीबशी म्हणाली. "तिथं सोड."

"कुठं सोडू, अम्मा? तिकडं ती नळाला येते. वाहत नाही."

भुवनेश्वरी उठली. हार वाळूवर ठेवून तिनं बाटली उपडी केली. वाळूनं पाणी गट्ट केलं. हार ओले झाले, पण जागचे हलले नाहीत.

समोर एक ओंजळ आली. वेंकूबाईची.

"सगळी ओतू नका, अक्का. खरी आहे ना? थोडी मलाही द्या."

तिच्या मागं शॉवरची रांग मोडून बायका वाळूत उतरत होत्या.