भाऊ-मावशींना निमंत्रण

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या बाईकडे पाहुणे बोलावण्याचं काम सोपवलं, तेव्हा ती ते इतकं मनावर घेईल असं समितीतल्या कुणालाच वाटलं नव्हतं. गावातल्या अ‍ॅनिमेवेड्यांचं, म्हणजे जपानी कार्टूनपटांच्या वेड्यांचं, ते तिसरं संमेलन. आधीच्या दोन वर्षांत एक चित्रकार आला होता आणि एक पोशाख शिवणारी. दोघंही गुणी माणसं, पण त्यांच्या भाषणाला निम्मा हॉल जांभया देत होता.

"या वेळी लोक हसले पाहिजेत," चष्मेवाली म्हणाली. समितीत तिला सगळे चष्मेवालीच म्हणायचे.

तिच्या मनात एकच जोडी होती, भाऊ आणि मावशी. भाऊ म्हणजे शाळेची बस चालवणारा काडीपैलवान. मावशी हा खरं तर धिप्पाड बाप्या, इस्पितळात एक्स-रे काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी जांभळा विग चढवून मावशी व्हायचा. दोघं अ‍ॅनिमेतले गंभीर प्रसंग आवाज बंद करून पडद्यावर लावायचे आणि वर आपले संवाद चढवायचे. दोन तलवारबहाद्दर शेवटच्या लढाईला समोरासमोर उभे आहेत, वारा सुटलाय, आणि भांडण चाललंय ते आज कचऱ्याची बादली कुणी बाहेर ठेवायची यावरून! चष्मेवालीच्या सासूबाईंना अ‍ॅनिमे कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. पण मावशीचे व्हिडिओ त्या फोनवर बघायच्या आणि हसून हसून त्यांना ठसका लागायचा.

चार पत्रांना उत्तर आलं नाही. पाचव्यानंतर मावशीचाच फोन आला.

"येतो ताई. पण आमचा खेळ हाताची घडी घालून बघायचा नसतो, हे आधीच सांगतो."

मागोमाग अटींचा कागद आला. दोन माईक, मोठा पडदा, विग नीट करायला आरसा. शेवटची अट अशी होती: खेळात राक्षसी यंत्रमानव तीनदा येतो, आणि तो पाऊल टाकतो तेव्हा सगळे प्रेक्षक त्याच्याबरोबर पाय आपटतात. त्याला हॉलची हरकत नसावी.

तिने खाली लिहिलं, "हरकत नाही." कागदाचा फोटो काढून मावशीला पाठवला. हॉलला तिने विचारलंच नव्हतं.

महिनाभर आधी ती हॉल बघायला गेली. हॉलचे रखवालदार काका तिथे तीस वर्षं होते. त्यांनी दिवे लावून दाखवले, मागचं दार दाखवलं, आणि मग तिला बाल्कनीखाली नेऊन वर बोट केलं. डावीकडच्या खांबाजवळ छताला केसाएवढी चीर होती. चिरेवर कागदाची पट्टी आडवी चिकटवलेली, तिच्यावर तारीख.

"ही कशाला?" तिने विचारलं.

"चीर वाढली तर पट्टी फाटते. दोन वर्षं झाली, फाटलेली नाही. पण दोन वर्षांत इथे भाषणंच झाली, बाई. वर माणसं बसली, ऐकली, गेली. तुमचे लोक नाचणारे तर नाहीत ना?"

"छे हो काका. ते पडदा बघणार."

ती खोटं बोलली नव्हती, असं तिने बाहेर पडल्यावर स्वतःला समजावलं. लोक पडदा बघणारच होते. शिवाय एवढ्या लोकांना पुरेल असा दुसरा हॉल गावात नव्हता, आणि अटीला नाही म्हटलं असतं तर भाऊ-मावशी दुसऱ्या गावच्या संमेलनाला गेले असते. घरी पोचेपर्यंत तिने तो विषय मिटवून टाकला होता. तरी पुढचे काही दिवस भिंग घासताना काचेवर बारीक रेघ दिसली की तिचा हात थांबायचा.

संमेलनाच्या दिवशी दुपारी दोनलाच खालचा हॉल भरला. सगळीकडे रंगीत केस, पुठ्ठ्याच्या तलवारी, पंख, शेपट्या. समितीचे अध्यक्ष, औषधांचे दुकानदार, घाम पुसत आले.

"बाल्कनी उघडतो. अजून शंभर माणसं दारात आहेत."

"वर किती बसवायचे?" तिने विचारलं.

"मावतील तेवढे! आज नाही म्हणायचं नाही."

तिने डाव्या खांबाकडे पाहिलं. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांच्यासाठी तिने खाली, पहिल्या रांगेत खुर्ची राखली होती.

"मी नाही बाई पुढे बसत, मान दुखते. वरून सगळं कसं झकास दिसतं," म्हणून त्या कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या आणि बाल्कनीच्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. तिथून त्यांनी सुनेला हात केला.

खेळ सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत हॉल खिशात गेला. भाऊ सेनापतीचा आवाज काढून सुट्टीचा अर्ज वाचत होता, मावशी राजकन्या होऊन त्यावर सही द्यायला नकार देत होती. मग पडद्यावर यंत्रमानव आला.

"एक... दोन... आपट!" भाऊ ओरडला.

सातशे पाय खाली आले. चष्मेवालीला ते आधी तळपायात कळलं, मग दातांत. बाल्कनीखाली काळ्या झग्यातली एक मुलगी उभी होती. तिच्या खांद्यावर पांढरी भुकटी पडली होती. पोशाखाचाच भाग असेल, असं चष्मेवालीला वाटलं. मग मुलीने खांदा झटकला आणि वर पाहिलं.

दुसऱ्यांदा यंत्रमानव आला तेव्हा चष्मेवाली डाव्या खांबाकडे निघाली होती. पाय आपटले गेले. वर काहीतरी करकरलं, ओलं लाकूड पिळावं तसं. हसण्याच्या लाटेत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

पट्टी फाटली होती. दोन्ही तुकडे लोंबत होते आणि मधे बोट जाईल एवढी फट होती. खांबाशी काका उभे होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"पडदा बघणार होते ना?" ते एवढंच म्हणाले.

"काका, मी थांबवते. माईकवरून सांगते."

त्यांनी तिचं मनगट धरलं. "ओरडायचं नाही. वर शंभर माणूस आहे आणि जिना एक. सगळे एकदम उठले, एकदम धावले, तर आत्ताच येईल खाली. मी खालच्यांना पुढे सरकवतो. तू त्या दोघांना गाठ. अजून एकदा आपटलं तर संपलं."

तिसरा प्रसंग चार मिनिटांवर होता. ती भिंतीला धरून मंचाच्या बाजूला पोचली. अटींचा कागद पर्समध्येच होता. त्याच्या मागे तिने लिहिलं, "बाल्कनी खचतेय. आपटू देऊ नका. वरच्यांना हळू उतरवा." आणि रांगत जाऊन तो मावशीच्या पायाशी सरकवला.

मावशीने खाली पाहिलं. राजकन्येचं वाक्य अर्धवट होतं. त्याने ते पूर्ण केलं, लोक हसले, आणि त्या हसण्यात त्याने पुन्हा एकदा कागद वाचला. भाऊला काहीच माहीत नव्हतं. पडद्यावर यंत्रमानव डोंगराआडून उठला, भाऊने गुडघा छातीपर्यंत नेला.

"एक... दोन..."

मावशीने त्याचा कान पकडला. चांगला पिरगाळला.

"मेल्या! बाळ झोपलंय ना खाली!"

हॉल हसला, पण एकही पाय आपटला नाही. भाऊ एका पायावर तसाच उभा. बारा वर्षांची जोडी होती. मावशीच्या डोळ्यांत त्याला काय दिसलं कुणास ठाऊक, पण त्याने पाय अलगद, पिसासारखा खाली ठेवला.

"मोठ्याने हसायचंही नाही," मावशी कुजबुजली. माईकमधून ती कुजबुज भिंतीभिंतीला गेली. "बाळ उठलं तर तुम्ही सांभाळणार का? तोंड मिटून हसा. हां, असं. आता वरची मंडळी. तुमच्या खाली पाळणा आहे. शेवटच्या रांगेने बूट हातात घ्यायचे आणि मांजरासारखं खाली यायचं. एकच रांग! दुसऱ्या रांगेतला तो शिंगवाला, बस खाली, तुझा नंबर लागलेला नाही."

लोक खुशीने खेळायला लागले. बूट हातात घेऊन, ओठांवर बोट ठेवून, एकमेकांना गप्प करत ते जिना उतरत होते. खाली काका त्यांना बाजूच्या दाराने बाहेर काढत होते. दर रांगेला मावशी नवी कोटी करत होती. विगखालून घामाचा ओघळ गालावरचा रंग घेऊन मानेवर चालला होता. चष्मेवाली फटीकडे बघत होती. भुकटी आता थांबून थांबून नाही, सलग पडत होती.

पहिली रांग शेवटी उठली. सासूबाई बूट हातात घ्यायला खाली वाकल्या. त्यांना लेस सुटेना.

"राहू द्या बूट, आजी," मावशी म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात खालचा पुरुषी आवाज मिसळला होता. "तुम्ही हलक्या आहात. या."

कठडा धरून, एकेक पायरी. चष्मेवालीला धावत वर जायचं होतं, आणि आपलं वजन तिथे नको हेही कळत होतं. ती जिन्याच्या तळाशी हात पसरून उभी राहिली.

सासूबाई दाराबाहेर पडून दहा मिनिटं झाली असतील. तोवर खालच्यांनाही काकांनी बाहेर काढलं होतं. हॉल रिकामा होता, लोक अंगणात बूट घालत होते. बाल्कनीची डावी बाजू खाली आली. कोसळली असं म्हणता येणार नाही. थकलेलं जनावर बसावं तशी ती बसली. मग खुर्च्या घसरल्या आणि आवाज झाला. अंगणात एक जण टाळी वाजवायला लागला. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो थांबला.

मागच्या दाराबाहेर मावशी ओकत होता. विग मांडीवर, भाऊचा हात पाठीवर.

"मला माहीत होतं," चष्मेवाली म्हणाली. "काकांनी चीर दाखवली होती. मी हरकत नाही लिहिलं."

मावशीने तोंड पुसलं.

"सात वर्षं आम्ही पाय आपटायला लावतोय," तो म्हणाला. "एकाही हॉलचा मजला आम्ही पाहिला नाही, ताई."

चौकशीत पहिल्याच दिवशी काकांना कामावरून दूर केलं. हॉल त्यांच्या ताब्यात होता ना! चष्मेवाली नगरपालिकेच्या खोलीत गेली आणि सगळं लिहून दिलं. पट्टी, तारीख, काकांनी विचारलेला प्रश्न, तिचं उत्तर. काका परत लागले. समितीला तीन वर्षं कुणी हॉल दिला नाही, आणि अध्यक्ष तिच्याशी बोलायचे बंद झाले. "मी उघडली बाल्कनी, पण तू सांगितलं असतंस तर?" हे त्यांचं शेवटचं वाक्य.

सासूबाईंना तिने घरी आठवड्याने सांगितलं. त्या मटार सोलत होत्या.

"मी वर चढत होते तेव्हाही तुला ठाऊक होतं?"

"हो, आई."

"आणि मी तुला हात केला."

"हो."

सासूबाईंनी हातातली शेंग सोलून पुरी केली. मग ताट तिच्याकडे सरकवलं, आणि दोघी अंधारून येईपर्यंत मटार सोलत राहिल्या.