बाकावरची घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. आफ्रिकेतल्या लेसोथो देशाच्या मुलींच्या फुटबॉल संघाबरोबर माझं बरंचसं आयुष्य गेलं. आमच्या डोंगरात माणूस जन्मला की घोंगडीत, लग्नाला उभा राहिला की घोंगडीत आणि मातीत निजला तरी घोंगडीतच. एवढा मान वाट्याला आला, म्हणून मी देवाचे रोज आभार मानते.

गिरणीतल्या यंत्रांनी मला विणलं, पण ऊब कशी द्यायची ते माझी पहिली मालकीण मापुलेंग हिच्याकडून शिकले. तिच्या लग्नात मी तिच्या खांद्यावर होते. पुढे तिची लेक पुलेंग माझ्यातच बांधलेली, आईच्या पाठीवर झोपायची. ती मोठी होऊन देशाच्या संघात निवडली गेली, तेव्हा आईनं मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाई गं, गोल नाही झाला तरी चालेल, पण घाम अंगावर वाळवू नकोस."

संघाचे कपडे आणि बूट मामोसा सांभाळायची. सगळ्या तिला 'म्मे', म्हणजे आई, म्हणत. पहाटे गुडघे टेकून प्रार्थना केल्याशिवाय ती कपड्यांची पेटी उघडत नसे. तिनं विजय कधीच मागितला नाही. "देवा, पोरींचे गुडघे सांभाळ," एवढंच मागणं. मग मला ती बाकावर आणून ठेवायची आणि माझ्याखाली पाचसहा पोरी दाटीवाटीनं बसायच्या.

"ए, सरक की! सगळी ऊब तूच खातेस."

"तू आधी मैदानात पळ, मग ऊब माग!"

अशी भांडणं ऐकत माझी वर्षं फार सुखात गेली.

मग तो जुलैतला सामना आला. जुलै म्हणजे आमची ऐन थंडी. पाहुण्या मुली समुद्रकाठच्या उष्ण देशातल्या, त्यांचं गरम कपड्यांचं, हातमोज्यांचं सामान वाटेत कुठेतरी राहिलेलं. आम्हाला पुढच्या फेरीत जायचं तर जिंकायलाच हवं होतं, बरोबरी त्यांना पुरेशी होती. पुलेंग तेव्हा चौतीस वर्षांची, संघाची कर्णधार. बाहेर पडलो तर हा माझा शेवटचा सामना, असं तिनं सांगूनच ठेवलं होतं.

मध्यंतराला एकेक गोल झाला होता. आमचा गोल झाला तो त्यांची गोलरक्षक मोईना हिच्या हातून चेंडू निसटला म्हणून. बिचारीची बोटं गारठली होती. ती गोलच्या खांबाशी बसून काखेत हात घालून कुडकुडत होती. मामोसानं ते पाहिलं आणि मला बाकावरून उचललं. पण मग थबकली, कारण मी तिची नव्हते.

"पुलेंग, ही तुझ्या आईची. मी आपलं विचारते."

लितेबोहो नावाची एक फटकळ पोरगी उसळलीच. "म्मे, काहीतरीच काय! तिची बोटं गोठली तरच आपला गोल होणार. शेकोटीही पेटवून द्या तिला!"

"वा गं वा! देवानं थंडी तुझ्या बाजूनं खेळायला पाठवलीय होय?" मामोसा हळूच म्हणाली.

पुलेंग किती तरी वेळ बुटाचा चिखल खरवडत राहिली. मग म्हणाली, "दे तिला. मला धड बोटांच्या गोलरक्षकावरच गोल मारायचाय."

सामना पुन्हा सुरू झाला. चेंडू लांब असला की मोईना खांबाशी ठेवलेल्या माझ्यात हात खुपसायची. पंचबाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. अगदी शेवटच्या क्षणी पुलेंगनं कोपऱ्यात असा चेंडू हाणला, की मी मनात 'गोल' म्हणूनही टाकलं! पण मोईनानं झेप घेतली. तिची बोटं चेंडूला लागली, चेंडू खांबावर आपटून बाहेर गेला. शिट्टी वाजली, बरोबरीच राहिली.

पुलेंग गवतावर बसून राहिली. कुणी जवळ जाईना. लितेबोहो पुटपुटली, "आता पुढच्या फेरीत घोंगडीलाच पाठवा."

तेवढ्यात मोईना मला पांघरूनच आली. पण माझ्या रेघा तिनं आडव्या घेतल्या होत्या! आमच्याकडे रेघ उभीच हवी, आडवी पडली तर माणसाची वाढ खुंटते. "अगं अगं, फिरव ती!" लितेबोहोच किंचाळली. मोईना घाबरून हात वर करून उभी. पुलेंग उठली, मला नीट फिरवून तिच्या खांद्यावर घातलं, छातीशी टाचणी लावली आणि डोळे पुसत म्हणाली, "आडव्या रेघांत एवढी उडी मारलीस. उभ्या असत्या तर आमचं काय झालं असतं गं?"

सगळ्या हसल्या. मोईना मला परत द्यायला लागली, तर पुलेंगनं तिचा हात धरला. "बसपर्यंत राहू दे. बाहेर वारा आहे."

पुलेंगनं खेळ सोडला, पण मला संघाकडेच ठेवलं. पुढे संघाला जाड कोट आले आणि मी पेटीत तळाला गेले. कुणी तरी मला घेऊन बूटही पुसले. कसर लागली. पण मी रुसले नाही. मामोसानं मला बाहेर काढलं, उन्हात झटकलं, रफू केलं आणि पुलेंगला नेऊन दिलं. पुलेंग आता तिच्या गावच्या मुलींना खेळ शिकवते.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या पांघरुणांनाही असंच ऊन दाखवा. ती तक्रार करत नाहीत, म्हणून विसरू नका.

पुलेंगच्या मुली तिला हटकून विचारतात, "ताई, घोंगडी दिली नसती तर जिंकलो असतो ना?"

"हो, बहुतेक," ती खरं ते सांगते. मग मला हातावर घेते आणि पाहुण्यांच्या बाकाकडे कुणी कुडकुडतंय का, ते बघायला जाते.